जमिनीवर ठेवलेला पडदा

सात दिवस अण्णांनी आमच्यापैकी कुणाचाच चेहरा पाहिला नाही. त्यांना दिसायचे ते फक्त पाय. कोण आलं, कोण गेलं, हे ते पावलांवरून सांगायचे. आईच्या टाचांना किती भेगा पडल्या आहेत हे संसाराला इतकी वर्षं झाल्यावर त्यांना त्या आठवड्यात कळलं, आणि त्यांनी मला लगेच मलम आणायला पिटाळलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी चहा पिताना उजव्या डोळ्यापुढं कुणीतरी काळा पदर ओढल्यासारखं त्यांना वाटलं. डोळ्याचा पडदा सुटला होता. दोन दिवसांत ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलाय, तो पडद्याला आतून दाबून धरील आणि पडदा जागेवर चिकटेल. पण बुडबुडा हलका, तो नेहमी वरच जाणार, आणि पडदा तर डोळ्याच्या मागच्या बाजूला. म्हणून सात दिवस तोंड खाली. जेवताना, बसताना, झोपताना, मोरीपर्यंत जाताना, जमिनीकडंच बघायचं. डाव्या डोळ्यानं अण्णांना काही वर्षांपासून धूसरच दिसत होतं. उजवा गेला तर पुढं काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि बाईंनीही सांगितलं नाही.

मला पुण्याहून निघताना रजा मिळाली नव्हती, म्हणून कामच सोबत घेऊन आले होते. लॅपटॉप, आणि त्याला जोडायचा एक जादा स्क्रीन. पाटीएवढा, पाटीसारखाच पातळ, पाठीमागचं कव्हर दुमडलं की कुठंही उभा राहणारा. आईनं तो हातात घेऊन उलटसुलट केला आणि एवढ्यात टीव्ही मावला कसा असं विचारलं. मी तो सिडकोतल्या आमच्या जुन्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर मांडला आणि कामाला लागले. कान मात्र आतल्या खोलीकडं होते.

पहिला दिवस औषधाच्या गुंगीत गेला. दुसऱ्या दिवसापासून अण्णांना राहवेना. आईनं जुन्या लुगड्याची मोठी चुंबळ वळून दिली होती. बाया डोक्यावर हंड्याखाली ठेवतात तशीच, फक्त परातीएवढी. दोन स्टुलं जवळ आणून त्यांच्यामधल्या फटीवर ती ठेवायची आणि अण्णांनी पलंगावर पालथं पडून कपाळ आणि हनुवटी तिच्यावर टेकवायची. मधल्या भोकातून खालची फरशी दिसायची. फरशीवर करड्या ठिपक्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. अण्णांनी ते ठिपके मोजले, मग पुन्हा मोजले, आणि मग उठून बसले. आईनं धावत जाऊन त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि खाली वळवलं, तान्ह्या बाळाचं वळवतात तसं. दुपारपर्यंत असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी अण्णा तिच्यावर ओरडले. जनावरासारखं बांधून ठेवलंय, म्हणाले, डोळा जायचा तर जाऊ दे एकदाचा. आई उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं नळ सोडला, आणि त्या दिवशी नळाला पाणीच नव्हतं. कोरड्या तोटीची फुसफुस मला बाहेर ऐकू येत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक उशी हवी म्हणून मी माळ्यावर चढले. उशांच्या मागं, भिंतीला लागून, राखी कापडाचं एक गाठोडं होतं. कापड ओळखीचं होतं. अण्णांच्या कारखान्याच्या गणवेशाचं. सुतळी सोडली, आतला मेणकागद उलगडला, आणि माळ्यावर वाकून बसल्या जागी मी सातवीत गेले.

तो व्हिडिओ गेमचा डबा होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आमच्या घरी आला होता. कुणी आणला, कसा ठरला, काही आठवत नाही. आठवतो तो त्याच्या प्लास्टिकचा वास, नव्या दप्तरासारखा, आणि त्यात मिसळलेला कूलरच्या वाळ्याचा वास. नळाला पाणी आलं की बादल्या वाहून कूलरची टाकी भरायची, हे माझं काम. वाळलेल्या वाळ्याला पहिलं पाणी लागलं की घरभर ओल्या मातीचा गारवा फिरायचा, आणि विनू, माझा धाकटा भाऊ, टीव्हीसमोर सतरंजी टाकून बसलेला असायचा. कॅसेट काढायची, तिच्या तोंडात दोनदा फुंकर मारायची, शर्टाला पुसायची, पुन्हा बसवायची. एका फुंकरीनं चालली तरी दुसरी मारायचीच. कॅसेटवर हजार खेळ असल्याचं छापलं होतं. निघाले सहाच, तेच पुन्हापुन्हा. आम्हाला त्यातला एकच लागायचा. विटांच्या भिंतींमधून रणगाडे फिरवायचे आणि तळाशी असलेला आपला किल्ला राखायचा. पिवळा रणगाडा माझा, हिरवा विनूचा.

अण्णांची पहिली पाळी असली की ते दुपारी आतल्या खोलीत झोपायचे. दार थोडं उघडं ठेवायचे, कूलरची हवा आत जावी म्हणून. त्या दुपारी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करावा लागे. मुका खेळ आम्हाला सोसायचा नाही. मग आवाज आम्हीच काढायचो, तोंडानं, अगदी हळू. गोळा सुटला की ‘टुप’. वीट पडली की ‘खर्र’. किल्ला पडला की विनू नाकातून एक लांब रडका सूर काढायचा आणि आम्ही दोघं तोंडात ओढणी कोंबून हसायचो. बाहेर ऊन पांढरं झालेलं असायचं, गच्चीवर शेजारच्या मावशींचे पापड वाजायचे, आणि मधेच वीज गेली की पंखा दमल्यासारखा थांबत जायचा. पडद्यावरचं चित्र आवळत आवळत एका टिंबावर यायचं. त्या कोमट काचेजवळ हात नेला की हातावरची लव उभी राहायची. आम्ही आळीपाळीनं हात नेत बसायचो, वीज येईपर्यंत.

दुसऱ्या पाळीच्या दिवसांत अण्णा सकाळी घरी असायचे आणि दुपारी जायचे. डबा पिशवीत घालून झाला की निघण्याआधी ते आमच्या मागं उभे राहायचे. दिसायचे नाहीत, पण यंत्राच्या तेलाचा आंबूस वास पाठीमागून यायचा. कितीही धुतला तरी त्यांच्या गणवेशाचा तो वास जात नसे. मिनिटभर उभे राहून ते जायचे. कधी खेळायला मागितलं नाही, कधी काही विचारलं नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यात ते माल तपासायच्या खात्यात होते. खिडकीजवळच्या टेबलावर बसून लोखंडाचे सुटे भाग उजेडात धरायचे आणि केसाएवढी चीर शोधायची, एवढंच काम त्यांनी आयुष्यभर केलं. माझी अशी समजूत होती की आमच्या पाठीमागं उभे राहूनही ते चीरच शोधतायत.

मी दहावीत गेले त्या जूनमध्ये एका संध्याकाळी ते कामावरून आले, चपला काढल्या, आणि टीव्हीच्या मागं हात घालून तारा उपसल्या. आधी पिवळी, मग पांढरी. तळहातावर वायर नीट गुंडाळली. डबा उचलला आणि गेले. एक शब्द बोलले नाहीत. विनू दोन दिवस रडला. मी रडले नाही. मी पुस्तक उघडलं आणि त्यानंतर अण्णांशी बोलायचंच थांबवलं, म्हणजे भांडून नाही, हळूहळू. आलात का, जेवलात का, गाडी मिळाली का, एवढंच उरलं. तेवढ्यावर आम्ही तीस वर्षं काढली. डबा त्यांनी कारखान्यातल्या कुणाच्या तरी पोरांना देऊन टाकला असणार, असं मी धरून चालले होते.

आणि तो इथं होता, आमच्याच डोक्यावर.

माळ्यावरून उतरले तेव्हा माझ्या मनात दुसरंच काही सुरू झालं होतं. अण्णा खालीच बघू शकतात. भिंतीवरचा टीव्ही त्यांच्या कामाचा नाही. पण माझा स्क्रीन पाटीसारखा जमिनीवर ठेवता येतो. डाव्या डोळ्यानं वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं त्यांना, पण हातभर अंतरावरचा उजेड आणि रंग तर दिसत होते. डॉक्टरीणबाईंना फोन केला. मान खाली राहणार असेल आणि मधे मधे विसावा घेणार असतील तर खुशाल खेळू द्या, म्हणाल्या. त्यांच्या आवाजात हसू होतं.

डब्याच्या तारा जुन्या, माझा स्क्रीन नवा, दोघांचं जमणार नव्हतं. मी गाठोडं घेऊन पैठण गेटकडं गेले. गल्लीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं एक अरुंद दुकान अजून तग धरून होतं. रफिकभाई नावाचे गृहस्थ, माझ्याच वयाचे असतील, दाढी पिकलेली. त्यांनी मेणकागद उघडला आणि थोडा वेळ हात न लावता नुसतं बघत राहिले. मग कॅसेट उचलून तिच्या तोंडात फुंकर मारली. दोनदा.

अडॅप्टरची वायर कडक होऊन तडकली होती, ती त्यांनी बदलली. जुन्या तारांतलं चित्र नव्या स्क्रीनला कळावं म्हणून काड्यापेटीएवढी एक डबी जोडून दिली. मग भिंग डोळ्याला लावून डब्याच्या आतल्या पिना तपासल्या, आणि मान वर करून मला विचारलं,

“बाजी, ये इत्ता संभालके किसने रखे?”

मी विचारलं, म्हणजे कसं. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. एकाही पिनेवर गंजाचा ठिपका नव्हता. प्रत्येकीवर तेलाचा इतका पातळ हात फिरवलेला होता की बोटाला लागला नसता. कॅसेटच्या तोंडाशी कापसाची घडी होती. ओल शोषून घेणारी पुडीही होती, आणि ती, रफिकभाईंच्या मते, फार तर दोन-तीन वर्षांपूर्वीची होती. ऐसे तो कंपनीवाले अपने मापाँ रखते, ते म्हणाले.

मापं. अण्णा आपली मापायची हत्यारं अशीच ठेवायचे, लहानपणी मी पाहिलं होतं. परतताना रिक्षात गाठोडं मांडीवर होतं. क्रांती चौक कधी मागं पडला ते मला कळलं नाही.

दुपारी आम्ही मांडामांड केली. स्टुलांच्या मधे, चुंबळीच्या बरोबर खाली, आईनं पाट ठेवला. पाटावर स्क्रीन आडवा. अडॅप्टर जुन्या सवयीनं गुणगुणू लागला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. अण्णांच्या हातात मी रिमोट दिला तेव्हा त्यांनी तो न बघता चाचपला, अंगठा बरोबर जागेवर ठेवला आणि कुठं सापडला हे विचारायच्या ऐवजी म्हणाले,

“हिरवा मला दे. पिवळा तुझा हाये.”

मी पलंगाखाली पाय घालून फरशीवर बसले. पहिला डाव सुरू झाला. माझ्या स्क्रीनला आवाजाची सोयच नाही. रणगाडे मुक्यानंच फिरू लागले. माझे दोन मेले. अण्णांचा हिरवा रणगाडा आधी भिंतीला धडका देत राहिला, मग वळायला शिकला, मग किल्ल्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. तिथूनच शत्रू येतो हे त्यांना माहीत होतं. आणि मग वरून, चुंबळीतून, अगदी हळू आवाज आला.

‘टुप.’

मला वाटलं ते खोकले. पुन्हा आला. ‘टुप, टुप.’ वीट पडली. ‘खर्र.’ तेच, आमचेच, विनूचे आणि माझे. वीट पडल्याचा ‘खर्र’ मी घशातून काढायचे आणि शेवटी थोडा ओढायचे. अण्णांनीही तो तिथंच, तेवढाच ओढला. मी हातातला रिमोट तसाच धरून बसले. माझा रणगाडा मधोमध थांबला आणि गोळा खाऊन गेला.

“खेळ ना बाई,” अण्णा म्हणाले. “एकट्यानं किल्ला कसा राखू?”

मी विचारलं, तुम्ही झोपलेले नसायचात का. ते म्हणाले, दुपारी कुणाला झोप लागते. मग पुढं म्हणाले की पहिल्या पाळीत भल्या पहाटे उठून, दुपारपर्यंत यंत्रांच्या खडखडाटात बसून घरी आलं की कान ठणकायचे. त्या कानांना आमचा तो टुप-टुप बरा वाटायचा. दार हवेसाठी उघडं नसायचं.

त्यानंतर दिवसांना एक घडी बसली. सकाळी डोळ्यात थेंब, मग पोहे, तेही वाटी खाली धरून, मग दोन डाव. दुपारी माझं ऑफिसचं काम. स्क्रीन खाली गेल्यामुळं मी लॅपटॉपच्या चिमुकल्या चौकटीत डोळे ताणून बसायचे, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. चारच्या चहाला पुन्हा दोन डाव. आई भाजी निवडत दाराशी बसायची. तिला खेळातलं काही कळत नव्हतं, पण कोण मेलं हे ती चोख सांगायची. रविवारी विनू आला. तो बिडकीनला नोकरी करतो, आता पोट सुटलंय, फरशीवर बसताना त्यानं पलंगाचा आधार घेतला. दोन मिनिटांत तिन्ही रणगाडे घालवून त्यानं रिमोटच खराब असल्याचं सांगितलं. तिसरीत असतानाही तो हेच सांगायचा. किल्ला पडला तेव्हा त्यानं आपणहून तो रडका सूर काढला. अण्णा इतके हसले की चुंबळ हलली, आणि आईनं ‘अहो, डोळा’ म्हणून दोन्ही हातांनी त्यांचं डोकं दाबून धरलं. या वेळी तीही हसत होती.

मान एकदाही वर झाली नाही. चौथ्या दिवशी नाही, पाचव्या नाही.

पाचव्या दिवशी दुपारी आई शेजारी गेली होती. डाव संपला होता आणि पडद्यावर नुसत्या विटा होत्या. समोरासमोर बसून हे मी कधीच विचारलं नसतं. पण तोंड दिसत नसलं की बोलणं सोपं होतं. मी त्यांच्या खाली लोंबणाऱ्या हाताकडं बघत विचारलं, हा काढून का घेतला होता.

अण्णांनी रिमोट पाटाच्या कडेला ठेवला.

“तू दहावीत गेली अन् तुला चष्मा लागला,” अण्णा म्हणाले. “आमच्या खात्यात दरसाल डोळे तपासायचे. ज्याची नजर कमी भरली त्याला खिडकीजवळून उठवायचे अन् गेटवर नेऊन बसवायचे. चांगला कारागीर माणूस, दिवसभर नुसता बसायचा. मी बघू राह्यलो होतो ते. मला वाटलं, ह्या डब्यानं माझ्या पोरीचे डोळे नेले. लई भ्यालो मी.”

“मग सांगायचं होतं ना, अण्णा.”

“भ्यालो म्हून पोरीला कसं सांगावं?”

मी चष्मा काढला आणि पुसत बसले. मग विचारलं, टाकून का नाही दिला मग.

“तुझा होता तो,” ते म्हणाले. जणू मी अगदीच काहीतरी बाळबोध विचारलं होतं.

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या संध्याकाळी त्यांनी माझ्यात काहीतरी खोट काढली. मुलीची जात, टीव्हीपुढं बसलेली, अभ्यासाचं वर्ष, असं काहीबाही मीच मनात भरून ठेवलं होतं आणि त्यावर वर्षांमागून वर्षं रचली होती. त्यातलं काहीच खरं नव्हतं. एक घाबरलेला माणूस होता, तळहातावर वायर गुंडाळत. माझ्या छातीवरून कुणीतरी अवजड पेटी उचलून बाजूला ठेवावी तसं झालं. रडू आलं नाही. भूक लागली. मी उठून दोघांसाठी शेंगदाण्याचे लाडू आणले, एक त्यांच्या लोंबत्या हातात दिला, आणि आम्ही खाल्ले. चुरा पडद्यावर सांडला. विटांवर पडलेला तो चुरा अण्णांनी हात लांबवून बोटानं टिपून घेतला. एकही कण सुटला नाही.

आठव्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली, दिवा लावून फार वेळ आत बघितलं. मी आईचा हात धरला होता की तिनं माझा, ते सांगता येणार नाही. बाई मागं सरकल्या आणि म्हणाल्या, पडदा बसलाय. अगदी छान बसलाय. मान वर करा आजोबा.

अण्णांनी मान वर केली, पण लगेच नाही. आठवडाभराच्या सवयीनं ती खालीच राहू पाहत होती. बाई पुढं सूचना देत होत्या. बुडबुडा विरेपर्यंत विमानात बसायचं नाही, अशीही एक सूचना होती. जन्मात विमानात न बसलेल्या अण्णांनी गंभीरपणे कबूल केलं की बसणार नाही. बाहेर आल्यावर आई दवाखान्याच्या पायरीवरच बसली. चक्कर आली का विचारलं तर नाही म्हणाली, जरा बसू द्या. आम्ही तिघंही बसलो. समोरच्या गाड्यावरून चहा आणला. जालना रोडवरून ट्रक जात होते, धूळ उडत होती, ऊन चहाच्या कपांत पडत होतं. मला तेव्हा जितकं हायसं वाटलं तितकं माझ्या मुलांच्या निकालांनीही कधी वाटलेलं नाही.

बुडबुडा विरायला महिना-दीड महिना लागला. फोनवर अण्णा रोज त्याची हालहवाल सांगायचे. हे आमचं नवीन बोलणं. डोळ्यात गवंड्याची लेव्हल-बाटली बसवलीय, म्हणायचे, चाललं की पाणी हलतं, रेघेच्या वर स्वच्छ दिसतं, खाली गढूळ. रेघ रोज थोडी खाली जाऊ राह्यली. एके दिवशी तो हरभऱ्याएवढा झाला, मग मोहरीएवढा. एका सकाळी माझी मीटिंग सुरू असताना त्यांचा फोन आला. मी कॅमेरा बंद करून उचलला. गेला, एवढंच ते म्हणाले. मी म्हटलं, कोण गेला. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं आणि ते हसत सुटले.

परवा शनिवारी मी घरी गेले होते. डबा आता माळ्यावर नसतो, टीव्हीखालच्या फळीवर असतो, आणि विनूची मुलगी सुट्टीत त्याच्यासाठी येते. मी थकून सोफ्यावर पडले होते. उन्हं ओसरीत आली होती. आई जुन्या साड्यांची गोधडी घालायला बसली होती. थर पसरून झाले होते, आणि ती सुई-दोरा घेऊन उंबऱ्यापाशी उजेडात आली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई दूर धरली, जवळ आणली, पुन्हा दूर. दोरा शेजारून गेला. तिनं मला हाक मारली नाही. अण्णांना तर ती मारणारच नव्हती. ऑपरेशननंतर त्यांच्या डोळ्यांची परीक्षा होईल असं कुठलंही काम ती त्यांच्यासमोर येऊ देत नव्हती, हे माझ्या एव्हाना लक्षात आलं होतं.

अण्णा खुर्चीतून उठले. तिच्याजवळ गेले आणि हात पुढं केला. आई म्हणाली, राहू द्या, ती देईल ओवून. त्यांचा हात तसाच राहिला. तिनं सुई दिली.

ते दाराकडं वळले, उजेड पाठीवर न येता सुईवर येईल असे. आधी त्यांनी डावा डोळा मिटला. मग सुई वर धरली, खिडकीजवळच्या टेबलावर आयुष्यभर धरली तशी, दोन बोटांत, कोपर पोटाला टेकवून. मी सोफ्यावर उठून बसले. पहिल्यांदा दोरा हुकला. त्यांनी टोक पुन्हा पिळलं. दुसऱ्यांदा दोरा आत गेला आणि पलीकडून बाहेर आला, आणि त्यांनी तो चिमटीत धरून वीतभर ओढून घेतला.

सुई-दोरा तसाच हातात धरून अण्णा त्याच्याकडं बघत राहिले. आईनं एकदा पदरानं तोंड पुसलं. मग गोधडीचा कोपरा मांडीवर घेतला आणि म्हणाली,

“आता गाठ मारा. नाय तर निघून येईल.”